मदत हवी आहे: जीडीबीमध्ये (प्रोग्रॅम थांबवून तपासायचा डीबगर) टू-डी ॲरे (ओळी आणि स्तंभांचा तक्ता) ओळीओळीने कसा दाखवायचा?

सी प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर जीसीसीने केलेला, डीबग माहिती चालू आणि ऑप्टिमायझेशन बंद, त्यामुळे 'ऑप्टिमाइझ्ड आऊट'ची (कंपायलरने व्हेरिएबल काढून टाकल्यामुळे व्हॅल्यू न दिसण्याची) भानगड नाहीये. स्ट्रक्टमध्ये रोज (rows, ओळींची संख्या), कॉल्स (cols, स्तंभांची संख्या) आणि डबलचा (दशांश आकड्यांचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आहे, मेमरी मॅलॉकची (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेली). एडिटरच्या व्हेरिएबल्स खिडकीत पॉइंटर उघडला की फक्त पहिला आकडा दिसतो. पॉइंटरला लांबी माहीत नसते हे मान्य, आणि कन्सोलवर ॲट चिन्ह लावून आधी कॉल्स मग रोज दिलं की सगळं ओळीओळीने छान दिसतंच, २०० एलिमेंट्सची मर्यादाही 'सेट प्रिंट एलिमेंट्स'ने उठवली. पण मला ते खिडकीतच हवंय, स्टेप करताना नेमकी कुठली ओळ बिघडते ते तिथे लगेच कळतं.

म्हणून पायथनमध्ये प्रिटी प्रिंटर (व्हॅल्यू कशी दाखवायची ते जीडीबीला सांगणारा कोड) लिहिला. तो चालतो, पण चिल्ड्रनमधून (आतले घटक पुरवणारं त्यातलं फंक्शन) एकेक आकडा देतोय त्यामुळे सगळी सपाट यादी येते, आणि स्ट्रक्ट इनिशियलाइझ व्हायच्या आधी थांबलं तर रोजमध्ये कचरा असतो आणि खिडकी अडकूनच बसते.

स्ट्रक्ट बदलता येणार नाही, बाकीचा कोड त्यावर आहे. तर चिल्ड्रनमधून प्रत्येक ओळ कॉल्सएवढ्या लांबीचा ॲरे म्हणून कशी द्यायची, पॉइंटर कास्ट करून (त्याचा प्रकार बदलून)? आणि कचरा व्हॅल्यू आधीच कशी ओळखायची?