आधी चष्म्याचं बघा

बाबा विमानाने बरेच फिरतात, त्यांना सोनीचा एक्सएम५ हा बाहेरचा आवाज दाबणारा हेडफोन द्यावा का, असं विचारलंय. वर उत्तर देणारे सगळे बॅटरीवर अडलेत, पण ३० तास त्याच्या आधीचा एक्सएम४ सुद्धा देतो. खरा फरक पिशवीत कळतो. २०२० चा एक्सएम४ घडी होऊन मावतो, २०२२ चा एक्सएम५ घडीच होत नाही, नुसत्या कानावरच्या वाट्या फिरतात. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट घालून बघा. काडीपाशी फट राहिली की आवाज आत शिरतो. आणि हो, इंजिनाची घरघर जाते, शेजाऱ्याची बडबड पूर्ण जात नाही, हे आधीच सांगून ठेवा. आमच्या सासऱ्यांनी याच कारणावरून 'बिघडलाय' म्हणत माझा हेडफोन मलाच परत दिला होता!