'बॅटलशिप पोटेमकिन'चा नायक कोण?

प्रश्न: सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांच्या, युद्धनौकेवरील खलाशांच्या बंडावरच्या १९२५ च्या या मूकपटात बंडाचा म्होरक्या खलाशी वाकुलिंचुक मारला गेल्यावरही कथा अडत नाही, मग नायक कोणाला मानावे?

उत्तर १: जमावालाच. अळ्या वळवळणारे मांस चष्म्याच्या काचेतून न्याहाळून खाण्याजोगे ठरवणारा जहाजावरचा डॉक्टर समुद्रात फेकला जातो आणि त्याचा चष्मा दोरखंडाला लोंबकळत राहतो, तेव्हा निकाल एका माणसाचा नव्हे, एका वर्गाचा लागलेला असतो.

उत्तर २: मान्य, मात्र रशियातील १९०५ च्या क्रांतीच्या विसाव्या वर्षानिमित्त सोव्हिएत सरकारनेच हा चित्रपट करवून घेतला होता. प्रत्यक्षात बंडखोरांनी रुमानियात शरणागती पत्करली. पडद्यावर जहाज विजयी डौलात पुढे जाते आणि चित्रपट तिथेच संपतो. (सोयीचा शेवट, पण परिणामकारक!)

उत्तर ३: ओडेसा या बंदराच्या शहरातील पायऱ्यांवर सैनिक नागरिकांवर गोळ्या झाडतात, त्या प्रसंगात चेहरे नागरिकांना आहेत, सैनिकांना केवळ बूट आणि बंदुका. राजकारण तिथे आहे.