पावडरीच्या पुड्यात जाहिरातीचे पैसे किती?

खडीसाखर: बारावीच्या अर्थशास्त्रात ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ असते. विक्रेते पुष्कळ, माल मिळताजुळता, पण नाव-वेष्टन वेगळं, त्यामुळे आपल्या गिऱ्हाइकापुरता प्रत्येकजण छोटा मक्तेदार. अर्थतज्ज्ञ चेंबरलिनने १९३३ साली हे मांडताना ‘विक्री खर्च’, म्हणजे जाहिरात वगैरेंवरचा खर्च, उत्पादन खर्चापासून वेगळा काढला. माझ्या मते कपडे धुण्याच्या पावडरीत हा विक्री खर्च म्हणजे आपल्यावरचा करच. सरकार निदान सांगून घेतं!

पितळी_डबा: आणि निरमा? १९६९ साली करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत काढली, सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त. ती जाहिरातीची धून नसती तर आमच्या तालुक्यात तिचं नाव कोणाला कळलं असतं? सर्फवाल्या हिंदुस्थान लीव्हरला आधी जाहिरातीत चोखंदळ गृहिणी ललिताजी उभी करावी लागली, मग स्वस्तातली व्हील आणावी लागली. बड्याला घाम फोडला तो जाहिरातीनेच.

खडीसाखर: करसनभाई सुरुवातीला सायकलवरून दारोदार विकत. पाय रोवला तो दराने.

उंटावरचा: अमेरिकेत काही राज्यांत चष्म्यांच्या जाहिरातीला बंदी होती. अर्थतज्ज्ञ ली बेनहॅमने १९७२ मध्ये तुलना छापली: बंदीच्या राज्यांत चष्मे महाग. गिऱ्हाइकाला चार दुकानं माहीतच नसतील तर तो घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

खडीसाखर: टीव्हीवरच्या पावडरीच्या जाहिरातीत चिखलात लोळणारं पोर दिसतं, दर क्वचितच. त्यातून कसली माहिती मिळते?

सहामाही_नापास: एकाच मालाचे वाण (प्रकार) फार झाले म्हणून ओरड करणाऱ्यांसाठी: मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ अविनाश दीक्षित आणि त्यांचे सहलेखक स्टिग्लिट्झ यांनी १९७७ मध्ये दाखवलं की बाजारात वाण गरजेपेक्षा जास्तच होतात असं नाही, कमीही पडू शकतात. निवडीला मोल असतं.

खडीसाखर: वाणांवर मी कुठे बोललो? आणि त्याच दीक्षितांनी पुढच्याच वर्षी व्हिक्टर नॉर्मनबरोबर लिहिलं की जाहिरातीने बदललेली आवड प्रमाण मानली, तरी जाहिरात गरजेपेक्षा जास्तच होते. हे सोयीस्कर विसरलात!

सहामाही_नापास: विसरलो नाही. त्यावर १९७९ मध्ये फिशर आणि मॅकगोवन यांनी आक्षेप घेतला. जाहिरातीमुळे वस्तूपासूनचं समाधानच वाढत असेल तर ते हिशेबाबाहेर का ठेवायचं?

खडीसाखर: समाधानाचं राहू द्या. कंपनी जाहिरातीचा खर्च उत्पन्नातून वजा करून आयकर भरते. ती वजावट निम्मी करा, बंदी नको.

पितळी_डबा: म्हणजे जुन्याचं नाव आधीच घरोघरी, आणि नव्याला ते कमवायला दुप्पट जड. उद्याची निरमा तुम्हीच मारताय.