मदत हवी आहे : डायमंड हेड (हवाई) आणि गुडघेदुखीवाले बाबा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबा ताईकडे कॅलिफोर्नियाला निघालेत, तिथून पुढं होनोलुलू. मी कोल्हापुरातच, पण बुकिंगचं खातं माझ्या गळ्यात.

बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पन्हाळ्याच्या सहलीत पोरांना सांगायचे, हा दगड भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा. पुस्तकातल्या चित्रातला ज्वालामुखीचा कोन (शंकू) इथं शोधू नका. आता तसा कोन, होनोलुलूचा डायमंड हेड, बघायचाच म्हणून अडून बसलेत. समुद्राकाठचा आहे, १९६८ पासून राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ म्हणून संरक्षित.

अडचण गुडघ्यांची. वाट एका बाजूची १.३ किमी, चढ १७१ मीटर, माथा २३२ मीटरवर. आकडे बघून आई म्हणते, "जोतिबाला गाडीनं जाणारा माणूस हा!" पायऱ्या टाळून वर जाता येतं का? नाहीतर नुसतं खालून बघण्यात अर्थ आहे का? ताई "वरचा व्ह्यू" एवढंच घोकतेय, तिला विचारून उपयोग नाही.

प्रतिसाद १ :
सासूबाईंना घेऊन गेलो होतो. सुरुवातीला काँक्रीटची वाट, पुढं खडबडीत वळणं. मग ७४ पायऱ्या, त्या चुकत नाहीत. नंतर अरुंद बोगदा. त्यापुढच्या ९९ उभ्या पायऱ्यांना डावीकडून वळसा आहे, पण तिथंही थोड्या पायऱ्या आहेतच. हे सगळं १९०८ साली लष्करी टेहळणीसाठी बांधलेलं, म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

तुमच्या बाबांना मात्र खालूनच जास्त मिळेल. गाडी बोगद्यातून थेट विवरात जाते, उतरलं की चहूबाजूंनी कडा. तापलेला शिलारस पाण्याला भिडून स्फोट झाला आणि उडालेली राख थिजून हा कोन झाला, म्हणून विवर उंचीच्या मानानं एवढं पसरट. नैर्ऋत्येची कड सगळ्यात उंच का, हे त्यांना विचारून बघा. राख वाऱ्यानं तिकडं नेली. बाहेरचा आकार आतून कळत नाही, तो वायकीकीच्या किनाऱ्यावरून बघा.

हवाईबाहेरच्यांना आगाऊ नोंदणी लागते, ३० दिवस आधी उघडते. माणशी ५ डॉलर, गाडीचे १० वेगळे. सकाळी ६ चा स्लॉट घ्या.

धागाकर्ता :
आभार! बाबांना वाचून दाखवलं. वाऱ्याचं उत्तर त्यांनी आधीच दिलं, ईशान्य व्यापारी वारे. आता म्हणतात, पायवाटेवरच्या त्या अरुंद बोगद्यापर्यंत तरी जाणारच. वाटेत टेकायला बाक आहेत का?