वजनकाट्यावर शिक्षा ठरवायची का?

कोर्टाची पायरी
फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतला एमडीचा (मेफेड्रोन) कारखाना पकडला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर. एमडी २ ग्रॅमच्या आत असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष. ५० ग्रॅमच्या वर गेलं की किमान १० वर्षं, कमाल २०. त्यात सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या हीरा सिंग निकालानंतर भेसळीसकट वजन धरतात. ६० ग्रॅम पुडीत खरं एमडी १० ग्रॅम असलं तरी किमान १० वर्षं! पोचवणारं पोरगं आणि कारखानदार एकाच पंगतीत?

बार्शीकर
एकाच पंगतीत कसे? १० ते २० वर्षांमधली जागा न्यायाधीशांसाठीच आहे. किमानपेक्षा जास्त का द्यायची, याची कारणं कलम ३२बमध्ये आहेत. टोळी, शाळा-कॉलेजचा परिसर, अल्पवयीनांचा वापर वगैरे. भेसळीचं म्हणाल तर विकणारा शुद्ध माल कधी विकतो? गिऱ्हाईक पुडीच घेतं, प्रयोगशाळेचा अहवाल नाही.

कोर्टाची पायरी
२० वर्षांपर्यंत वाढवता येते हो, १०च्या खाली आणता येत नाही. माझं दुखणं तिथेच आहे.

ज्युनिअर वकीण
माझ्या सीनियरांकडे एक केस होती. पंचनाम्यात ५२ ग्रॅम, पण प्लास्टिकच्या पिशवीसकट! पिशवीचं वेगळं वजन कुणी केलंच नव्हतं. दोन-तीन ग्रॅमवर माणसाची दहा वर्षं लटकलेली. आणि व्यावसायिक प्रमाण (एमडीसाठी ५० ग्रॅमच्या वर) म्हटलं की कलम ३७. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, हे कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही.

एमआयडीसीवाला
मी केमिकल प्लँटमध्ये शिफ्ट करतो. रिअॅक्टर, ड्रायर आमच्याकडेही आहेत, त्यामुळे नुसत्या भांड्यांवरून कुणाला डांबू नका. पण कलम ५४ वाचा. अमली पदार्थ बनवण्यासाठी खास जुळवलेली भांडी किंवा तळाला राहिलेला अंश सापडला आणि त्याचा नीट खुलासा देता आला नाही, तर गुन्हा गृहीत. हे बरोबरच आहे. पोतं उचलणाऱ्या हेल्परला आत काय शिजतंय ते बहुतेक ठाऊक नसतं. बॅच लावणाऱ्याला तापमानासकट ठाऊक असतं.

बार्शीकर
ठाऊक नव्हतं तर हेल्परने कोर्टात सिद्ध करावं. कलम ३५मध्ये ती सोय आहे.

ज्युनिअर वकीण
तेही संशयापलीकडे सिद्ध करायचं, बरं का. महिना बारा हजारांवरच्या माणसाने. वकील कुठून आणणार तो?

बार्शीकर
विधी सेवा प्राधिकरणाकडून, फुकट.

ज्युनिअर वकीण
मिळतो. तारखेच्या दिवशी सकाळी फाईल हातात पडलेला.