रिगोबेर्ता मेंचू : तपशील चुकले म्हणून साक्ष खोटी ठरते का?

मूळ लेखन :
ग्वातेमालातील किचे माया समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. ग्वातेमालातील यादवी युद्धात लष्कराने माया लोकांवर केलेल्या अत्याचारांविषयीचे त्यांचे १९८३ मधील आत्मकथन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉल यांनी पडताळले, तेव्हा काही तपशील चुकीचे निघाले. शाळेचे तोंड पाहिले नाही असे त्यांनी सांगितले होते, पण त्या शिकल्या होत्या. भावाला लष्कराने मारले हे खरे, परंतु चाहुल गावाच्या चौकात घरच्यांसमोर जाळले, हे खरे ठरले नाही. एवढ्यावरून त्यांना खोटारडे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ३१ जानेवारी १९८० रोजी निषेध म्हणून स्पेनच्या दूतावासात ठिय्या देऊन बसलेले त्यांचे वडील पोलीस कारवाईच्या वेळी लागलेल्या आगीत गेले. त्या आगीतून वाचलेल्या एका शेतकऱ्यालाही रुग्णालयातून पळवून नेऊन ठार करण्यात आले. हे तर कोणी कल्पनेने रचलेले नाही.

प्रतिसाद :
आपली कळकळ समजते, तरीही मी असहमत आहे. ज्याच्या हाती कागद नाही त्याच्याजवळ शब्दच असतो, म्हणून तो अधिक जपून वापरायला हवा. मेंचूंच्या वडिलांचा जमिनीचा वाद मुख्यतः पत्नीकडच्या किचे नातलगांशी होता; ते बाजूला ठेवून सगळा दोष बड्या जमीनदारांवर टाकला, तर हत्याकांड नाकारणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो.

मूळ लेखकाचे उत्तर :
जमिनीच्या वादाबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्या यादवी युद्धाची चौकशी केलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दोन लाखांहून अधिक माणसे मारली वा बेपत्ता केली गेल्याचे, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया असल्याचे नोंदवले, ते काही या एका पुस्तकाच्या भरवशावर नव्हे. शिवाय मेंचू पुस्तकापाशी थांबल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी स्पेनच्या न्यायालयात दाद मागितली, आणि दूतावासाच्या आगीबद्दल एका माजी पोलीस अधिकाऱ्याला २०१५ मध्ये ग्वातेमालातच शिक्षा झाली. पस्तीस वर्षे तो पाठपुरावा चालला, हे आपण विसरू नये.

प्रतिसाद :
विसरत नाही. पण ग्वातेमालातल्याच सेपूर सार्को गावाचा २०१६ चा खटला पाहा. लष्करी तळावर गुलामीत ठेवून अत्याचार केलेल्या केक्ची माया समाजाच्या बायका डोक्यावरून शाली ओढून न्यायालयात बसत होत्या. त्यांच्या जबान्यांना उत्खननात सापडलेल्या अवशेषांची जोड मिळाली, आणि दोन आरोपींना १२० व २४० वर्षांची शिक्षा झाली. मेंचूंच्या कथनाला अशी जोड वेळीच मिळाली असती, तर त्यांना खोटारडे म्हणण्याची हिंमत कोणालाच झाली नसती.