हातात वळते, पाण्यात वळत नाही

बदकवाली: मंडळी, प्लास्टिकच्या डब्याची हातभर लांब होडी केलीये. ईएसपी३२ (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकुमावर मोटरींना करंट देणारा), दोन छोट्या डीसी मोटरी, चार पेन्सिल सेल. सुकाणू नाही, एक मोटर थांबवून वळवायची. प्रोग्राम सरळसोट: ८ सेकंद पुढे, मग २ सेकंद डावी मोटर बंद, परत तेच. हातात धरली की बिनचूक चालते. हौदात सोडली की सरळ जाते, किंचित अडखळते, परत सरळ, आणि धाडकन काठावर. वळायचं नाव नाही! वळणाचा कोड दहा वेळा वाचला, सेकंद बदलले. चुकतंय कुठे?

जुना सोल्डर: कोड सोडा. 'किंचित अडखळते' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, गोम तिथेच आहे. हवेत पंख्याला कष्टच नसतात. पाण्यात मोटर कितीतरी जास्त करंट ओढते, सेलचं व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो. प्रोग्राम पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा सरळ. वळणाच्या ओळीपर्यंत तो पोचतच नाही. खात्री हवी तर सेटअपमध्ये (प्रोग्रामचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) एलईडी तीनदा लुकलुकवा आणि होडीवर नजर ठेवा.

अर्धा व्होल्ट: त्यात तो ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. बोर्डाचे ५ व्होल्टही त्याच्यावरूनच घेतलेत का? मग बोंबललं. तिथल्या रेग्युलेटरला (५ व्होल्ट बनवणारा भाग) साधारण ७ व्होल्ट लागतात, तुमच्याकडे जेमतेम ६. त्याऐवजी टीबी६६१२ ड्रायव्हर बघा. ईएसपीला वेगळी बॅटरी द्या, पण दोन्ही ग्राउंड (बॅटऱ्यांच्या वजा बाजू) जोडा. मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. पीडब्ल्यूएम (मोटरीचा वेग ठरवणारा आकडा) एकदम २५५ वर, म्हणजे पूर्ण वेगावर, नेऊ नका, अर्ध्या सेकंदात चढवा.

बदकवाली: लुकलुकला! काठाला लागेपर्यंत दोनदा. आणि मी बिचाऱ्या वळणाच्या कोडला शिव्या देत होते.

वेगळी बॅटरी लावली. ग्राउंड जोडायला अर्थातच विसरले. मोटरी मनाला येईल तशा फिरत होत्या, तासभर त्यात गेला. जोडल्यावर बदक, म्हणजे माझी होडी, वळलं, पण इतकं की जवळपास मागे तोंड करून माझ्याकडेच आलं. ते २ सेकंद मी टेबलावर बसून ठरवले होते. पाण्यात पाऊण सेकंद पुरे होतो, कारण मोटर परत सुरू झाली तरी होडी थोडा वेळ वळतच राहते.

आता नव्या बॅटरीमुळे एका बाजूला कलतेय. उद्या तळाशी मधोमध दुहेरी टेपने बसवते. ड्रायव्हर अजून तोच आहे, हात लावला तर चटका बसतो.

जुना सोल्डर: मग कपॅसिटरआधी ड्रायव्हर बदला. आणि झाकण लावण्याआधी आत टिश्यूचा तुकडा टाकून ठेवा. ओला निघाला तर शाफ्टच्या (पंख्याच्या दांड्याच्या) नळीत ग्रीस कमी आहे.